नाचणीचं सासर

नाचणीचे हजार दाणे मोजून तराजूत टाकले तर वजन भरतं अडीच-तीन ग्रॅम. ज्या फुलातून हा दाणा तयार होतो, ते फूल तर डोळे बारीक करूनच पाहावं लागतं. ते उमलतं मध्यरात्र उलटल्यावर, उजाडायच्या आत. आत तीन पुंकेसर आणि एक स्त्रीकेसर. फूल उघडता उघडताच त्यातल्या त्यात परागण उरकतं. वाऱ्याला किंवा मधमाशीला फारसं काम उरत नाही. त्यामुळे नाचणीच्या दोन जातींचा संकर करायचा म्हटलं की भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

यावर पैदासकारांनी शोधलेली एक युक्ती मला फार आवडते. हिरव्या खोडाच्या जातीचं कणीस आणि जांभळट खोडाच्या जातीचं कणीस, दोन्ही फुलायच्या बेतात असताना, एकमेकांना चिकटवून बांधून ठेवायची. शेकडो फुलांपैकी दोन-चार फुलांत शेजारचा पराग पडतोच. मग हिरव्या कणसाचं बी वेगळं ठेवायचं, पेरायचं आणि रोपं वर आली की वाफ्याशी वाकून बसायचं. जांभळी छटा दिसली की ते रोप संकराचं. बाकीची उपटून टाकायची. जांभळा रंग हिरव्यावर मात करतो, एवढ्या एका आधारावर सगळा खेळ.

हा खेळ उभं आयुष्य खेळलेला माणूस म्हैसूरपासून पंचेचाळीस किलोमीटरवर, मंड्याच्या शेतावर होऊन गेला. कानडी शेतकरी त्यांना ‘रागी ब्रह्म’ म्हणतात. नाव लक्ष्मणय्या. म्हैसूरला जाऊन आलेल्या आपल्याकडच्या शंभर माणसांना विचारा. राजवाडा, चामुंडीची टेकडी, वृंदावन बाग, म्हैसूरपाक हे सगळे सांगतील. लक्ष्मणय्यांचं नाव एकाच्याही तोंडी येणार नाही. मला ती चुटपुट लागली म्हणून हे प्रकरण.

नोव्हेंबरच्या शेवटी म्हैसूरहून मंड्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन बाजूंना दोन देश दिसतात. कालव्याखालचा एक, हिरवागार: भात, ऊस, मध्ये नारळाच्या रांगा. कालव्याच्या वरचा दुसरा, तांबूस: कापणीला आलेली नाचणी. तिथे आठ-दहा ओळी नाचणीच्या, मग एखादी ओळ अवरेची, म्हणजे आपल्या पावट्याच्या भावकीतल्या शेंगेची. कुठे तूर, कुठे एरंड, बांधाला मोहरी नाहीतर कारळे. या मिसळीला कानडीत ‘अक्कडी’ म्हणतात. पाऊस दगा देऊन गेला तरी यातलं काहीतरी घरी येतंच. नाचणी गेली तर तूर उभी असते, तुरीला कीड लागली तर अवरे असते. घराच्या सारातली डाळ, दिव्याचं तेल आणि बैलाची वैरण एकाच रानातून निघते. या पद्धतीचा शोध कुणा एकाचा नाही, त्यामुळे तिला पुरस्कारही नाही. तरी या मुलखातली मूळ करामत हीच, आणि पुढच्या सगळ्या प्रयोगशाळा हिच्याच कडेला उभ्या राहिल्या.

नाचणी मूळची इथली नव्हे. तिचं माहेर पूर्व आफ्रिकेच्या उंच पठारांवर, आजच्या इथिओपिया-युगांडाच्या बाजूला. तिथून ती आपल्याकडे आली त्याला किमान तीन हजार वर्षं झाली असं मानतात. कोकणात ती वरकस जमिनीवर चढली, नाशिककडे ‘नागली’ झाली, कोल्हापुरात ‘नाचणा’ झाली. पण संसार थाटून, घरची कर्ती होऊन ती राहिली ती जुन्या म्हैसूर मुलखात. देशातली निम्म्याहून जास्त नाचणी आजही एकटं कर्नाटक पिकवतं.

ती इथे का रमली याचं उत्तर जमिनीखाली आहे. जुन्या म्हैसुरी गावांत धान्य साठवायला ‘हगेवु’ खणत. तोंड अरुंद, पोट मोठं, वरून दगड बसवून मातीनं लिंपलेलं. आपलं पेवच. ज्वारीनं भरलेली पेवं सोलापूर-विजापूरकडे होती, तशी इकडे नाचणीची. दाणा इतका बारीक आणि साल इतकी घट्ट की किड्याला आत शिरायला जागा सापडत नाही. नीट वाळवून पेवात टाकलेली नाचणी वर्षानुवर्षं टिकते. सोळाव्या शतकातल्या कनकदासांचं ‘रामधान्य चरित्रे’ हे काव्य याच गुणावर उभं आहे. तांदूळ आणि नाचणी यांच्यात थोर कोण, असा वाद लागतो. राम दोघांनाही सहा महिने कोठडीत टाकतो. तांदूळ खराब होतो, नाचणी जशीच्या तशी बाहेर येते, आणि राम तिला आपलं, राघवाचं, नाव देतो. मेंढपाळांच्या घरात जन्मलेल्या संतानं गरिबाच्या धान्याला रामाच्या दरबारात जिंकवलं, ही घटना मला पीक-इतिहासाच्या कुठल्याही कागदाइतकीच महत्त्वाची वाटते. धान्याचाही उच्च-नीच भाव असतो हे कनकदासांनी ओळखलं होतं.

पण पेवाला मर्यादा असते. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात म्हैसूर संस्थानातली जवळपास पाचव्या हिश्श्याची माणसं दगावली. त्याच दुष्काळात आपला सोलापूर-पुण्याचा पट्टाही होरपळला. पुढच्या पन्नास वर्षांत म्हैसूर संस्थानानं पाण्याचा आणि बियाण्याचा जो ध्यास घेतला, त्याच्या मुळाशी ही भूक आहे.

पाण्याची बाजू बहुतेकांना ठाऊक असते, पण तिचा एक धागा आपल्या घरातून गेलेला आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये शिकले, १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले, नाशिक-खानदेशात हिंडले. १९०३ मध्ये त्यांचे आपोआप उघडणारे दरवाजे खडकवासल्याला बसले; त्याच धर्तीचे दरवाजे पुढे कृष्णराजसागरावर आले. त्याहीपेक्षा मोलाची गोष्ट म्हणजे नीरेच्या कालव्यावर १८९९ च्या सुमारास त्यांनी मांडलेली ‘ब्लॉक’ पद्धत. कालव्याचं पाणी एकाच गावानं, एकाच उसासाठी पिऊन टाकू नये. गावोगाव ठरावीक गट पाडावेत आणि त्यात बारमाही, हंगामी, भुसार अशी पिकं पाळीपाळीनं फिरवावीत, म्हणजे थोडं पाणी पुष्कळ शेतकऱ्यांपर्यंत पोचेल, हा तिचा गाभा. कावेरीवरच्या कृष्णराजसागराचं काम १९११ मध्ये सुरू झालं आणि १९३० च्या दशकाच्या तोंडाशी पुरं झालं. त्याच्या कालव्याला सुरुवातीला व्हाइसरॉय आयर्विनचं नाव होतं, आज विश्वेश्वरय्यांचं आहे. १९३३ मध्ये मंड्याला साखर कारखाना उभा राहिला, १९३९ मध्ये मंड्या हा वेगळा जिल्हा झाला.

आणि मग नीरेकाठी झालं तेच कावेरीकाठी झालं. जिथे पाणी पोचलं तिथे ऊस आणि भात पसरला. नाचणी उतारावर, कोरडवाहूत, हलक्या जमिनीत ढकलली गेली. यात शेतकऱ्याची चूक मी मानत नाही. उसाचा पैसा हाती लागतो, आणि कर्ज फेडायला पैसाच लागतो. पण ब्लॉक पद्धतीचा मूळ हेतू दोन्हीकडे पातळ झाला, हे नीरेकाठच्या वाचकाला मंड्याला उभं राहिल्यावर चटकन जाणवेल.

बियाण्याची बाजू मात्र फारशी कुणाला ठाऊक नाही. १९०८ मध्ये लेस्ली कोलमन नावाचा तरुण कॅनेडियन कीटकशास्त्रज्ञ म्हैसूर संस्थानाच्या नोकरीत आला. सुपारीच्या बागांचा कोळेरोगानं सत्यानाश होत होता. बोर्डो मिश्रण पावसात धुऊन जाई. त्यात राळ घालून ते घडाला चिकटवायची तोड कोलमननं काढली. पुढे तो शेती खात्याचा प्रमुख झाला. त्याच्याच काळात नाचणीची निवड सुरू झाली आणि १९१८ मध्ये ‘एच २२’ ही नाचणीची सुधारित जात बाहेर पडली. देशातली ही पहिली. साहेबाच्या काळात शेती खात्यांचं लक्ष कापूस, ऊस, नीळ, गहू अशा पैशाच्या पिकांवर. अशा वेळी एका संस्थानानं गरिबाच्या पोटातल्या धान्यावर प्रयोग चालवावा, याचं श्रेय म्हैसूरला द्यायलाच हवं.

विश्वेश्वरय्या कालव्याच्या काठावर मंड्याचं संशोधन केंद्र आहे, सगळे त्याला ‘व्ही. सी. फार्म’ म्हणतात. भाताचा ‘के. आर. एच. २’ हा संकरित वाण याच शेतावरचा. चारही बाजूंनी पाटाचं पाणी खळखळतंय आणि मधोमध कोरडवाहू नाचणीचे वाफे. लक्ष्मणय्यांचं काम इथलं. म्हैसूर जिल्ह्यातल्याच शेतकरी घरातले. १९५० आणि ६० च्या दशकांत त्यांनी अरुणा, उदया, पूर्णा, अन्नपूर्णा, कावेरी, शक्ती अशा एकामागून एक जाती दिल्या. नावं बघा, घरातल्या लेकींची वाटतात.

पण देशी नाचणीचा देशी नाचणीशी किती वेळा संकर करणार? ती इथे हजारो वर्षं नांदून एकसारखी झालेली. करपा पडला की कणसाची बोटं काळवंडतात, दाणा पोचट राहतो. त्याला तोंड देणारं रक्त घरात उरलं नव्हतं. लक्ष्मणय्यांनी मग नाचणीच्या माहेरची माणसं बोलावली. आफ्रिकी जाती जाड खोडाच्या, टपोऱ्या कणसाच्या, रोगाला दाद न देणाऱ्या. पण इथल्या हवेत वेळेवर न पिकणाऱ्या. त्यांचा इथल्या जातींशी संकर करून, पिढ्यामागून पिढ्या निवडून, साठीच्या दशकापासून जी मालिका निघाली तिचं नाव ‘इंडाफ’. ‘इंडिया’ आणि ‘आफ्रिका’ यांची जोडलेली आद्याक्षरं. इंडाफ ५, इंडाफ ७, इंडाफ ८, इंडाफ ९ असे आकडे म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी आजही आहेत. कुठली लवकर पेरायची, कुठली थंडीत तग धरते, कुठली उन्हाळी पाण्यावर येते हे ते बोटांवर मोजून सांगतात. आज सगळीकडे दिसणारी ‘जी. पी. यू. २८’ ही जातही इंडाफ ५ आणि इंडाफ ९ यांच्याच वंशातली.

शेतावरच्या एका कर्मचाऱ्यानं मला दोन कणसं हातात दिली. एक जुन्या गावठी जातीचं, एक संकराचं. गावठी कणसाची बोटं उघडी, पसरलेली, हाताचा पंजा मोकळा सोडावा तशी. दुसऱ्याची बोटं आत वळलेली, घट्ट मूठ. मूठ जड होती. चोळली तर तळहातावर लाल-तपकिरी दाण्यांचा ढीग पडला. गावठीचा ढीग त्याच्या निम्माही नव्हता. “पण काडी बघा,” ते गावठीकडे बोट दाखवून म्हणाले, “गाय हिच्यावर जास्त खूश.” कोरडवाहू माणसाला दाण्याइतकीच वैरणही लागते. ज्या जातीची काडी आखूड, ती कागदावर कितीही उतारा देवो, गावात टिकत नाही. हे भान ज्या पैदासकाराला असतं त्याचं बियाणं पसरतं.

दुपारी रस्त्याकडेच्या एका खाणावळीत जेवलो. मुद्दे, म्हणजे नाचणीच्या पिठाचा घोटलेला गोळा, कशी करतात ते पाहायचं होतं म्हणून स्वयंपाकघराच्या दाराशी उभा राहिलो. पातेल्यात पाणी खळखळा उकळत होतं. अम्मांनी त्यात नाचणीचं पीठ एकदम ओतलं, ढवळलं नाही. पिठाचा डोंगर पाण्यात उभा राहिला. लाकडी दांड्यानं त्याच्या मधोमध भोक पाडलं, त्यातून वाफ आणि पाणी वर येऊ लागलं. झाकण. काही मिनिटांनी पातेलं खाली उतरवून दोन पायांत घट्ट धरलं आणि त्याच दांड्यानं असं काही घोटलं की खांदे हलताना दिसत होते. एकही गुठळी राहता कामा नये. मग ओल्या फळीवर गोळा टाकून ओल्या हातानं गरगर फिरवला. तुकतुकीत, चॉकलेटी, नारळाएवढा. सोबत पालेभाजी आणि तुरीच्या कटाचा ‘बस्सारू’. मी सवयीनं पहिला घास चावायला लागलो. अम्मा लांबूनच हसल्या, “अगियबेडी, नुंगी!” चावू नका, गिळा. साराच्या वाटीत बुडवून गोळी सरळ घशाखाली. दोन घासांनंतर जमलं. संध्याकाळपर्यंत भूक लागली नाही.

हे कसब शहरातल्या सुनेला रोज जमत नाही, हे मान्य करायला हवं. घोटायला ताकद लागते, वेळ लागतो, भातासारखं कुकरला लावून मोकळं होता येत नाही. पीक वाढवायचं तर खाणाऱ्याची अडचणही सोडवावी लागते. ते काम म्हैसूर शहरात झालं.

राजकन्या चेलुवाजम्मण्णींसाठी बांधलेल्या राजवाड्यात २१ ऑक्टोबर १९५० पासून केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. लोक तिला ‘सी. एफ. टी. आर. आय.’ म्हणतात. उंच खांब, मोठं पोर्च, समोर हिरवळ. आणि आत कुठल्या तरी इमारतीतून भाजलेल्या धान्याचा वास. पहिले संचालक व्ही. सुब्रह्मण्यन. देश नुकताच स्वतंत्र झाला होता, धान्य बाहेरून येत होतं, आणि या संस्थेपुढचे प्रश्न अगदी घरगुती होते. आईला दूध नाही, तर बाळाला काय द्यायचं? पावडर परदेशी आणि महाग. आपल्याकडे दूध म्हशीचं. त्यात स्निग्धांश जास्त आणि पोटात त्याचं दही घट्ट बनतं, तान्ह्याला पचत नाही. पन्नाशीच्या दशकात या संस्थेनं म्हशीच्या दुधावर प्रक्रिया करून पचायला हलका बालआहार बनवायची रीत बसवली, आणि ती अमूलनं बाजारात आणली. आपल्यातल्या कित्येकांचं बाळपण त्या डब्यावर गेलं.

नाचणीचा प्रश्न वेगळा होता. तांदळाची साल काढतात तशी नाचणीची काढता येत नाही. साल दाण्याला घट्ट चिकटलेली आणि आतला गर मऊ, पिठूळ. गिरणीत घातली की सालीसकट सगळ्याचा भुगा. म्हणून हजारो वर्षं नाचणीचं फक्त पीठच झालं. इथले धान्यशास्त्रज्ञ एन. जी. मल्लेशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर तोड काढली. नाचणी भिजवायची, वाफवायची, पुन्हा वाळवायची. वाफेत आतलं स्टार्च शिजून एकसंध होतं आणि वाळलं की टणक. आता हाच दाणा गिरणीत घातला तर साल निघते आणि आतला दाणा अख्खा राहतो. उकड्या तांदळामागचं तत्त्वही हेच. हाती येतो तो नाचणीचा ‘तांदूळ’, पाच-सात मिनिटांत शिजणारा, भातासारखा मोकळा.

दुसरं काम माल्टचं. इथे मला रत्नागिरीकडच्या आज्या आठवल्या. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून, मोड आणून, वाळवून, दळून त्या सत्त्व करत आणि बाळाला भरवत. का, असं विचारलं तर ‘पचायला हलकं’ म्हणत. कारण असं: साध्या पिठाची पेज शिजली की लगेच घट्ट होते, मग आई तिच्यात पाणी घालते, आणि बाळाच्या इवल्याशा पोटात पाणीच जास्त जातं. मोड येताना दाण्यात अमायलेज हे विकर तयार होतं. ते स्टार्चचे लांब धागे तोडतं, त्यामुळे दुप्पट पीठ घातलं तरी पेज पातळ राहते. तेवढ्याच वाटीत जास्त अन्न. माल्टच्या पिठातला हा गुण या संस्थेनं मोजला, मांडला आणि बालआहारांत वापरायची वाट दाखवली. आजीचा शब्द खरा निघाला. शिवाय शंभर ग्रॅम नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. पांढऱ्या तांदळात ते दहाच्या घरात.

म्हैसूरहून बन्नूर ओलांडून मळवळ्ळीच्या वाटेला लागलं की किरुगावलू लागतं. इथल्या सय्यद गनी खान यांच्या घरी भाताचं संग्रहालय आहे. भिंतीवर लोंब्यांच्या जुड्या, शेल्फवर बी भरलेल्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. काळ्या तुसाचं भात, लांब कुसळाचं भात, वासाचं, बाळंतिणीला द्यायचं, पाण्यात बुडूनही उभं राहणारं. हजाराहून जास्त जाती. पण बाटलीतलं बी मरतं, म्हणून या जाती पट्ट्यापट्ट्यांनी शेतात लावून जिवंत ठेवतात. बाजूलाच घराण्याकडे चालत आलेली, टिपू सुलतानाच्या काळातली मानली जाणारी ‘बडा बाग’ ही आमराई आहे. शंभरावर जातींचे आंबे. अकोले तालुक्यात राहीबाई पोपेरे यांनी जे केलं, नागभीडजवळ दादाजी खोब्रागडे यांनी एका वेगळ्या लोंबीवर नजर ठेवून ‘एच. एम. टी.’ तांदूळ दिला, त्याच जातकुळीचं हे काम. मला व्ही. सी. फार्म आणि किरुगावलू एकमेकांविरुद्ध वाटत नाहीत. लक्ष्मणय्यांनाही संकरासाठी कुणीतरी सांभाळून ठेवलेल्या जुन्या जातीच लागल्या होत्या. सांभाळणारा नसेल तर काय होतं ते नंजनगुडला दिसतं. तिथलं ‘रसबाळे’ केळं, सुगंधी आणि पातळ सालीचं, पनामा मर रोगानं इतकं मागे पडलं की भौगोलिक मानांकन मिळूनही बाजारात ते शोधावं लागतं.

मराठवाड्याच्या शेतकऱ्याला मात्र म्हैसूरची ओळख करून द्यायला नको. इथल्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेनं काढलेली ‘व्ही १’ तुती बीड-जालन्याच्या रानांत उभी आहे. जालन्याला २०१८ मध्ये कोषांचा बाजार सुरू होईपर्यंत आपले शेतकरी पोत्यांत कोष भरून रात्रंदिवस प्रवास करून रामनगरला, म्हैसूर-बंगळूर रस्त्यावर, विकायला नेत. अजूनही जातात. त्या वाटेवर नाचणीची रानंही लागतात. तुतीसारखी तिथून आणखी एक गोष्ट आपल्याकडे आणता येईल: नाचणीला बांधून दिलेलं गिऱ्हाईक.

कारण चांगलं बी आणि सोपी प्रक्रिया एवढ्यावर नाचणी तगलेली नाही. कर्नाटक सरकार हमीभावानं नाचणी विकत घेतं आणि दक्षिणेकडच्या जिल्ह्यांत ती रेशनवर देतं. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्रानं नाचणीचा हमीभाव क्विंटलला ४,८८६ रुपये ठरवला. विकणाऱ्याला गिऱ्हाईक बांधलेलं, खाणाऱ्याला दुकानात मिळणारी. रायगड, सिंधुदुर्ग, चंदगड, पेठ, सुरगाणा, अकोले या आपल्या नाचणीच्या भागांत रेशनच्या दुकानातून तिथलीच नाचणी मिळावी, हा माझा आग्रह आहे. जो मुलूख तांदळाची गाडी बाहेरून मागवतो आणि स्वतःची वरकस पड टाकतो, त्याला याहून सरळ उपाय मला दिसत नाही.

कुणाला जायचं असेल तर दादरहून म्हैसूरला थेट शरावती एक्सप्रेस आहे. नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीपर्यंतचा काळ चांगला. तेव्हा कापणी, खळी आणि मळणी पाहायला मिळते. जानेवारी-फेब्रुवारीत नंजनगुड तालुक्यातल्या सुत्तूरच्या जत्रेत मोठा कृषी मेळा भरतो. शेतावर किंवा संस्थेत जायचं तर आधी पत्र पाठवून परवानगी घ्या. ती कामाची ठिकाणं आहेत. आणि खाणावळीत मुद्दे मागवायला लाजू नका.

परतल्यावर एक काम करा. तुमची वरकस जमीन पड असेल तर दोन गुंठे तरी नाचणीला द्या. ‘दापोली १’साठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे आणि ‘फुले नाचणी’साठी कोल्हापूरच्या संशोधन केंद्राकडे मृगाच्या महिनाभर आधी चौकशी करा. आणि गावात एखाद्या म्हातारीच्या मडक्यात जुनं बी असेल, तर त्यातलं मूठभर मागून घेऊन तेही शेजारच्या वाफ्यात पेरा.